नवापुरी तूरडाळीच्या नांवाची मालकी

गायरान कोणाचें, असें विचारल्यास गांवांतील लहान मूलहि 'गांवाचें' म्हणून उत्तर देईल. तें कोणा एकास विकतां येत नाहीं, गहाण टाकतां येत नाहीं. गुरें चारण्याचा हक्क मात्र साऱ्या गांवास असतो. नांवासारख्या अमूर्त वस्तूचीहि अशीच सामायिक मालकी असूं शकते, हें १९९९ सालच्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्यानें मान्य केलें आहे. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्याचें नोंदणी कार्यालय चेन्नईस असून पहिला मान दार्जिलिंगच्या चहास मिळाला.

नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरच्या तूरडाळीस हें मानांकन २०१६ सालीं लाभलें. नवापूर गुजराथच्या अगदीं सीमेवर आहे. तेथील रेल्वेस्थानकाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजराथेंत मोडतो. तेव्हां मालास राज्य बदलावयास फलाटावरील चार पावलेंहि पुरतात! एकदां पोतें परक्या पेठेंत गेलें आणि दुसऱ्या डाळींत मिसळलें, कीं तें कोणाच्या शेतांतील, हें दाण्यावरून कोण ओळखणार? तेथें नांव हीच एक खूण उरते.

बौद्धिक संपदेचा विचार बहुधा शोधकाच्या हक्कापासून सुरू होतो. परंतु तूर कोणीं शोधून काढली नाहीं, आणि ती भरडण्याची रीतहि आज्या-पणज्यांची. अशा ज्ञानावर कोणा एकाचा मक्ता नको, हा झगडा हळदीच्या बाबतींत झालाच होता. हळदीनें जखम भरते, एवढ्यावर १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुराव्यास दिला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. त्या विजयानें परक्याचा हात दूर झाला खरा. पण हळद पिकविणाऱ्याच्या पदरांत त्यामुळें एक पैसाहि अधिक पडला नाहीं. मानांकनाचा हेतु निराळा आहे. त्यानें मालाला नांवाचा भाव यावा, अशी अपेक्षा असते.

तो भाव शेतकऱ्यापर्यंत कसा पोंचावा, हा खरा प्रश्न. मानांकन एका संस्थेच्या नांवें नोंदलें जातें. पण तेवढ्यानें तालुक्यांतील प्रत्येक शेतकरी त्याचा वापरकर्ता ठरत नाहीं. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचें नांव निराळें नोंदवावें लागतें. तशी नोंद झाल्यावर तो पिशवीवर तें नांव छापूं शकतो, आणि भलतीच डाळ त्या नांवानें विकणाऱ्यास कोर्टांत खेंचूंहि शकतो. नोंद नसलेला शेतकरी मळणी होतांच तूर व्यापाऱ्यास घालील, तर नांवाचा भाव डाळ करणारा आणि पिशवी भरणारा घेईल. गायरान गांवाचें असून गुरें मात्र दुसऱ्याचीं चरावीं, तशांतला हा प्रकार होय.

सरकारनें २०२० सालीं नियम सुधारून या अर्जाची फी पांचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणली, हें योग्यच झालें. दहा रुपये डोंगराळ पाड्यावरील आदिवासी कुटुंबाजवळहि असतात. परंतु अर्ज भरून देणारा कोणी भेटावा लागतो, जमिनीचे कागद जमवावे लागतात आणि तालुक्याच्या गांवीं खेपा घालतांना मजुरीचे दिवस बुडतात. ती फी कोणत्याहि नियमांत छापलेली नाहीं.