आधी वाचा, मग दर्जेदार म्हणा

आर्णीकर मंडळींनो,

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. आज प्रकाशित झालेली पुस्तकं चार: कादंबरी, चरित्र, ललितलेख आणि शेतीवरचं एक. विशेषण मात्र सगळ्यांना मिळून एकच, ‘दर्जेदार’. टेबलावरच्या एका प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, मला इथून दिसतंय.

पुस्तक-परीक्षणाचा आपण आशीर्वाद समारंभ करून टाकला आहे. 1874 साली ‘निबंधमाला’ काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर जोतीराव फुल्यांच्या लेखनावर तुटून पडले. व्याकरण काढलं, टवाळी केली. काळाने निकाल जोतीरावांच्या बाजूने दिला, आणि योग्यच दिला. पण शास्त्रीबुवांनी ते वाचलं तरी होतं! आमचे परीक्षक मलपृष्ठ वाचतात, प्रस्तावनेतली दोन वाक्यं उचलतात आणि ‘मुद्रणदोष वगळता’ म्हणून मोकळे होतात.

विदर्भाचं पुस्तक असलं की पुण्या-मुंबईची ओळ ठरलेली: ‘वऱ्हाडी मातीचा गंध’. अहो, उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक संसारापायी झिजून जाते, आणि तुम्ही गंध कसला हुंगता? ‘बारोमास’ कादंबरीतला शिकलेला एकनाथ शेतीत का अडकतो, यावर भांडा ना!

आपले परीक्षकही काही कमी नाहीत. अलीकडे एका कादंबरीत ऐन श्रावणात कापसाची वेचणी चालली आहे. मृगात टोबलेली पऱ्हाटी दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुटते. शेतात सीतादहीची पूजा झाल्यावर वेचणीला हात लागतो. या मंडपातल्या कुठल्याही बाईला विचारा. त्या कादंबरीची जेवढी परीक्षणं मी पाहिली, सगळ्यांत ‘शेतीजीवनाचं अस्सल चित्रण’!

शेतीवरच्या पुस्तकाला तर परीक्षकच मिळत नाही. 2017 मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. त्यावर कुणी लिहिलं, तर औषधांची नावं, मात्रा, तारखा, आधार तपासायला हवेत. तिथे भाषेचं लालित्य मोजणारा प्राध्यापक काय कामाचा? ते पुस्तक दवाखान्यातल्या डॉक्टरला द्या, कृषी केंद्रवाल्याला द्या, पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला वाचून दाखवा. त्यांचं मत छापा. ‘मला कुठं लिहिता येते’ म्हणाला, तर तुम्ही लिहून घ्या.

2014 मध्ये आपल्या तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची ‘चहावर चर्चा’ झाली, ती देशाने पाहिली. पुस्तकावर चर्चा ठेवली की खुर्च्या भरत नाहीत, हे आयोजक मला मघाशीच कानात सांगत होते. भरणार कशा? सगळं गोड बोलणार हे ठाऊक असताना कोण येईल? पुढच्या वेळी हारतुरे कमी करा, लेखकाला समोर बसवा आणि माइक वाचकाच्या हातात द्या.

भेटीची प्रत घेतली की जीभ जड होते. म्हणून आज मला दिलेल्या चारही पुस्तकांचे पैसे मी बाहेरच्या टेबलावर भरले आहेत. तुम्हीही जाताना एखादं विकत घ्या. वाचा. आवडलं नाही तर लेखक इथेच राहतो, त्याला तोंडावर सांगा.