पायांखालचें पाणी

मुंबईस नव्यानें आलेला पाहुणा एकदां तरी मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमध्यें जातोच. फिरोजशहा मेहता उद्यान हें त्याचें खरें नांव. परंतु तें पाटीवरच राहिलें. झुडुपें कातरून केलेलीं जनावरें पाहावीं, समुद्राकडे एकदां नजर टाकावी, बाकावर क्षणभर टेकावें आणि परत फिरावें, असा परिपाठ आहे. आपल्या पायांखालीं सुमारें १४ कोटी ७० लक्ष लिटर पिण्याचें पाणी मावेल एवढा जलाशय आहे, ही गोष्ट त्या पाहुण्याच्या गांवींहि नसते. बाग ही त्या जलाशयाचें झांकण होय.

विहार तलावाचें पाणी शहरास १८६० मध्यें मिळूं लागलें, १८७९ सालीं तुळशी तलावाची भर पडली आणि १८९२ सालीं तानसाचें पाणी आलें. याच काळांत, १८८० नंतरच्या दशकांत, टेकडीवरचा हा जलाशय बांधला गेला. तलाव वाढले, शुद्धीकरणाच्या रीती बदलल्या. परंतु दूरच्या केंद्रांत शुद्ध झालेलें पाणी दक्षिण मुंबईच्या घराघरांत उतरण्यापूर्वीं थोडा वेळ विसांवतें तें याच जुन्या जागेंत.

अशा टाकीची गरज काय, असें कोणी विचारील. शुद्धीकरण-केंद्र दिवसरात्र एकाच चालीनें चालतें. तुरटीनें गाळ खालीं बसवावयाचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळावयाचें, शेवटीं क्लोरीन द्यावयाचा, या क्रियांना घाईगर्दी मानवत नाहीं. माणसांची निकड मात्र एका चालीची नसते. सकाळीं साऱ्या शहराला एकाच वेळीं पाणी हवें, आणि मध्यरात्रीं तें कोणालाच नको. या दोहोंचा मेळ टाकी घालते. शिवाय ती उंचावर असली म्हणजे पाणी आपल्या वजनानेंच घरोघर जातें. अंकगणिताच्या पुस्तकांत एका नळानें भरणाऱ्या व दुसऱ्यानें रिकाम्या होणाऱ्या हौदाचें उदाहरण असतें. असा हौद कोणा वेड्यानें बांधला असेल म्हणून मुलें हंसतात. परंतु अशाच हौदावर मोठमोठीं शहरें जगत आहेत.

अशी टाकी जुनी झाली म्हणजे मात्र कठीण प्रसंग उभा राहतो. घर मोडून बांधावयाचें तर माणसें भाड्याच्या जागेंत राहतात. पाण्याला भाड्याची जागा मिळत नाहीं. जुनी टाकी बंद करावयाची तर आधीं नवी उभी पाहिजे, आणि नवीला जागा जुनीच्या शेजारींच पाहिजे, कारण सारे मोठे नळ तेथेंच येऊन मिळालेले असतात. मलबार टेकडीवर नेमकें हेंच झालें. जलाशय नव्यानें बांधून त्याची धारणशक्ति वाढवावी असा महापालिकेचा बेत होता. खर्च सुमारें ७०० कोटी रुपये, काम कित्येक वर्षांचें. २०२३ सालीं जेव्हां कळलें कीं त्यापायीं टेकडीवरच्या ३८९ झाडांवर गदा येणार, कांहीं तोडलीं जाणार व कांहीं उपटून अन्यत्र लावलीं जाणार, तेव्हां रहिवाशांनीं विरोध केला.

या वादांत दोन्ही पक्ष खोटे नव्हते. एकीकडे शंभरांहून अधिक वर्षांचें बांधकाम आणि त्यावर विसंबलेलीं हजारों बिऱ्हाडें. दुसरीकडे दाट वस्तीच्या शहरांत उरलेली थोडीशी सावली. परंतु बाहेर उभें राहून टाकीची प्रकृति कळत नाहीं. अखेर प्राध्यापक व शहरांतील जाणते यांची समिति नेमली गेली, आणि त्या डिसेंबरांत पाणी काढून तज्ज्ञ मंडळी प्रत्यक्ष आंत उतरलीं. सर्वांचें मत एक झालें नाहीं. नवी बांधणी अनावश्यक, दुरुस्ती पुरेशी, असें कित्येकांना वाटलें. दुरुस्ती करावयाची तरी तेवढ्या काळापुरता जादा सांठा हवा, असें इतरांचें म्हणणें पडलें. पुढें २०२४ मध्यें नव्या बांधणीचा बेत सोडून देण्यांत आला. निर्णयापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, दिवा घेऊन आंत गेल्याशिवाय तो विश्वासास पात्र झाला नाहीं. हें उतरणें आधींच झालें असतें तर पुष्कळ कडवटपणा टळला असता.

याचा अर्थ जुनें तें सोनें म्हणून स्वस्थ बसावें असा मात्र नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत अलामोसा नांवाचें सुमारें नऊ हजार वस्तीचें शहर आहे. तेथें खोल विहिरींचें पाणी निर्मळ म्हणून त्यांत क्लोरीन घालीत नसत. मार्च २००८ मध्यें तेथें साल्मोनेला नांवाच्या जंतूंची सांथ उसळली. सुमारें १,३०० लोक आजारी पडले असावेत असा अंदाज निघाला. एकाचा मृत्यु झाला. शोध करतां करतां बोट गेलें तें जमिनींतल्या काँक्रीटच्या टाकीकडे. तिला चिरा व भोकें पडलीं होतीं, आणि पशुपक्ष्यांची घाण त्यांतून आंत शिरली असावी असें चौकशींत ठरलें. टाकींतून पाणी बाहेर झिरपतें तेव्हां केवळ नुकसान होतें; बाहेरचें आंत झिरपतें तेव्हां प्राणावर बेततें.

म्हणून टाकी नवी असो वा दुरुस्त केलेली, तिची परीक्षा घेतल्याशिवाय तींतलें पाणी कोणाच्या ओठीं लागूं देत नाहींत. परीक्षेचें मुख्य साधन म्हणजे धीर. प्रथम टाकी स्वच्छ धुवून हळूहळू भरावयाची. १९८७ च्या ब्रिटिश प्रमाणसंहितेप्रमाणें पाणी दिवसाला दोन मीटरांहून अधिक चढूं द्यावयाचें नसतें, कारण कोऱ्या भिंतींवर एकदम भार पडणें बरें नव्हे. भरल्यावर सात दिवस नुसतें थांबावयाचें. काँक्रीट स्वतःच तहानलेलें असतें. नवी घागर पहिल्या दिवशीं पाणी पिते तशांतलाच हा प्रकार. तें तृप्त झालें म्हणजे पाण्याच्या पातळीवर खूण करावयाची आणि पुढले सात दिवस ती मोजीत राहावयाचें. त्या संहितेप्रमाणें सात दिवसांत पातळी खोलीच्या पांचशेंव्या भागाहून किंवा दहा मिलिमीटरांहून अधिक उतरतां कामा नये.

दहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या रुंदीएवढेंहि नव्हे. परंतु एक कोटी लिटरांची पांच मीटर खोल टाकी घेतली, तर तिचा पृष्ठभाग दोन हजार चौरस मीटर होतो, आणि तेवढ्याशा उताराचें पाणी वीस हजार लिटर भरतें. म्हणून मोजणाऱ्याची नजर चोख लागते. शिवाय पातळी उतरली कीं लगेच भिंतीला दोष देऊन चालत नाहीं. एखादी झडप घट्ट बसली नसेल तर चोरी तिची आणि आळ भिंतीवर, असें व्हावयाचें. छपराचीहि निराळी परीक्षा असते. त्यावर निदान पंचवीस मिलिमीटर पाणी चोवीस तास उभें करून खालून ओल येते कीं काय हें पाहतात. छपरावर बाग करावयाची असेल तर हें माती टाकण्यापूर्वींच झालें पाहिजे. गुलाब फुलल्यावर गळती शोधणें फार महाग पडतें.

गळतीची परीक्षा उतरली तरी काम संपत नाहीं. कामगारांचे पाय, त्यांचीं हत्यारें, धूळ, यांबरोबर जंतु आंत गेलेलेच असतात. म्हणून भिंती, खांब व तळ यांना तीव्र क्लोरीनचें पाणी लावतात अथवा तसल्या पाण्यानें टाकी भरून ठेवतात. तें पाणी नळांत सोडण्याजोगें नसतें. ओढ्यांत सोडलें तर मासे मरतील. त्याचा जोर मोडूनच तें वाटेला लावावें लागतें. मग शुद्ध पाणी भरून नमुने प्रयोगशाळेंत जातात आणि तेथें ते उबेंत ठेवतात. भारतीय मानकाप्रमाणें शंभर मिलिलिटर पाण्यांत कोलिफॉर्म वर्गाचा एकहि जंतु आढळतां कामा नये. उत्तर यावयास दिवस-दोन दिवस लागतात. त्या अवधींत भरलेली टाकी डोळ्यांसमोर असते, गांव पाण्यासाठीं खोळंबलेला असतो, वरून विचारणा चालू असते. आणि इंजिनियरानें झडपेला हात लावावयाचा नसतो.

दुरुस्तीचा मार्ग पत्करला तरी यांतलें बरेंचसें कांहीं सुटत नाहीं. जलाशयाचा एक भाग बंद करावयाचा, उरलेल्यावर शहराची तहान भागवावयाची, बुजविलेल्या चिरा पुन्हा पाण्याखालीं घालून पाहावयाच्या, धुवावयाचें, नमुने पाठवावयाचे, आणि मग शेजारच्या भागाकडे वळावयाचें. अशा दिवसांत कुलाब्यापासून गिरगांवापर्यंत कोठें पाणी तास-अर्धा तास कमी आलें तर घरांत कुरकुर होते. वर बागेंत मात्र मुलें नेहमींप्रमाणें पळापळी खेळत असतात.