वामीची समुद्रयात्रा



लकडगंजातल्या माणसांपुढे वैशाखात मासळीवर बोलायचे, म्हणजे वक्त्याला ऊन लागले असावे अशी शंका आपणांस येईल. समुद्र येथून कोणत्याही दिशेला शेकडो कोस दूर. पण ज्या नाग नदीवरून या शहराला नाव मिळाले तिचे पाणी कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तेव्हा समुद्र आपल्या दाराशी नसला तरी त्याची वाट दारावरून जाते. त्या वाटेने पूर्वापार येणाऱ्या-जाणाऱ्या एका प्रवाशाची ही हकीकत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे बाजारात वाम म्हणून जी मासळी मिळते, तिच्या पाठीवर बहुधा काट्यांची रांग असते. ती खरी वाम नव्हे. ती गोड्या पाण्यातच जन्मते आणि तेथेच मरते. मी सांगतो ती अहीर. अंगाला बुळबुळीत, पाठीवर काटा नाही, पिवळट तपकिरी रंगावर ठिपके, आणि चांगली वाढली तर चार-चार फूट लांब. मुंबई सैन्यातले अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतली मासळी गोळा करून १८३९ साली जी वर्णने छापली, त्यांत ही आहे. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्यांनी तिला दिले. पुढे ते नाव मागे पडले, कारण ग्रे यांनी तिचे बंगालवरून बारसे आधीच, १८३१ मध्ये, केले होते.

आता गंमत पाहा. पुण्याच्या मुळा-मुठेपासून पश्चिमेचा समुद्र जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण मध्ये सह्याद्री उभा. म्हणून तेथे पोचणारी अहीर भीमा आणि कृष्णा चढून, म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक उलट्या प्रवाहाने, पूर्वेच्या समुद्रातून येते. जाताना तिला तीच वाट.

काही वर्षांपूर्वी सिरोंचाच्या घाटावर एका वृद्ध ढीवराशी मी बोलत बसलो होतो. तो म्हणाला, “गुरुजी, सारा जन्म मासळी चिरण्यात गेला, पण हिच्या पोटात अंडं काही दिसलं नाही जी.” मी चमकलो. हेच वाक्य दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटलच्या तोंडी शोभले असते! त्यालाही वामीच्या पोटात अंडी सापडली नाहीत, आणि त्याने ठरवले की ही चिखलातूनच उपजते. त्याच्यावर हसू नका. त्याने पोट फाडून पाहिले होते, पुष्कळांनी तेवढेही केले नाही. १८७६ साली व्हिएन्नाचा एक तरुण विद्यार्थी त्रिएस्तला जाऊन सुमारे चारशे वामी चिरीत बसला. त्याला नराचे वृषण शोधायचे होते. खात्रीचे उत्तर हाती आले नाही. त्या विद्यार्थ्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे तो माणसाच्या मनाकडे वळला; ते काम त्याला सोपे वाटले असावे.

धागा सापडला तो इटलीत. मेसीनाच्या समुद्रात एक काचेसारखा पारदर्शक, कण्हेरीच्या पानाएवढा चपटा जीव मिळे. सर्व त्याला निराळाच मासा समजत. १८९० नंतरच्या काही वर्षांत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी तो जीव पाळून पाहिला, आणि त्या पानाची वाम झाली. मग प्रश्न उरला, हे पान कोणत्या झाडाचे?

तो सोडवला योहानेस श्मिट या डेन्मार्कच्या माणसाने. १९०४ मध्ये फेरो बेटांच्या पश्चिमेला त्याला असे एक पिल्लू मिळाले, सुमारे ७७ मिलिमीटरांचे. त्याने विचार केला तो आपल्या घरच्या बाईलाही सुचेल असा: जिकडे पिल्ले लहान लहान होत जातील तिकडे बाळंतिणीची खोली. बोलायला सोपे, करायला अठरा वर्षे लागली. स्वतःचे जहाज पुरेना म्हणून त्याने व्यापारी जहाजांच्या कप्तानांनाही जाळी दिली. मध्ये एक जहाज फुटले, मध्ये महायुद्ध आले. अखेर अटलांटिकच्या पलीकडे, सारगासो समुद्रात, पाच मिलिमीटरांची पिल्ले मिळाली आणि १९२२ साली त्याने निष्कर्ष जाहीर केला. युरोपच्या ओढ्यातली वाम पाच-सहा हजार किलोमीटर जाऊन तेथे अंडी घालते.

जाण्यापूर्वी ती काय करते ते ऐकण्यासारखे आहे. दहा-वीस वर्षे नदीत खाऊन-पिऊन लठ्ठ झालेली ही बाई एका पावसाळी अंधाऱ्या रात्री निघते. अंग रुपेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते. मग खाणे बंद. अंगावरच्या चरबीवर सारा प्रवास, त्याच चरबीतून अंडी. ती अंडी वाटेत समुद्रात पिकतात. सिरोंचाच्या ढीवराचे म्हणणे खरेच होते! परतीचा प्रवास नाही. परत येतात ती मुले, आणि त्यांना वाट कोणी दाखवलेली नसते.

ही अंडी निसर्गात माणसाला मिळाली ती २२ मे २००९ रोजी, जपानी वामीची, प्रशांत महासागरात मारियाना बेटांच्या पश्चिमेला. अवघी एकतीस. वैशाखी अमावास्येला दोन दिवस होते. युरोपच्या वामी अंगावर यंत्र बांधून सारगासोपर्यंत पोचल्याचा थेट पुरावा तर २०२२ साली आला. आपल्या अहीरची बाळंतिणीची खोली सुमात्राच्या पश्चिमेच्या खोल पाण्यात असावी, असा तर्क आहे. श्मिटच्या ‘डाना’ जहाजाने १९२८ ते १९३० च्या फेरीत तिकडून कोवळी पिल्ले आणली, हा त्याचा आधार. गोदावरीच्या मुखापासून ती जागा दोन हजार किलोमीटरांहून दूर.

पण माझी काळजी समुद्राची नाही, नदीची आहे. १८५२ पासून धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेले गोसीखुर्द वैनगंगेवर आहे. सिरोंचाच्या खालच्या अंगाला २०१९ पासून मेडिगड्डा आहे. त्याचे खांब २०२३ मध्ये खचले ते आपण वाचलेच असेल. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. ज्याचे धान गोसीखुर्दच्या पाण्यावर पिकते त्याला ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण युरोपात धरणे, मासेमारी, दूषित पाणी अशा अनेक कारणांनी वाम आटली. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर येणारी पिल्ले १९६० ते १९७९ च्या मानाने शंभरात दोनसुद्धा उरलेली नाहीत. तेथे निदान मोजणारे तरी आहेत.

आणि उपाय फार खर्चाचा नाही. बोटाएवढी पिल्ले ओल्या खडबडीत भिंतीवरून सरपटत चढू शकतात. न्यूझीलंडात धरणाच्या तोंडाशी दोर लोंबते सोडतात, त्यांवरून ती वर जातात. काही ठिकाणी तर पिल्ले पकडून टाकीत भरून मोटारीने धरणापलीकडे नेऊन सोडतात. उतरणाऱ्या मोठ्या वामींचे कठीण, त्यांना वीजगृहाची पाती कापतात. तेथे जाळ्या लावाव्या लागतात आणि त्यांच्या निघण्याच्या रात्री पाणी दुसऱ्या वाटेने सोडावे लागते. त्या रात्री कोणत्या, हे मी सांगू शकणार नाही. सिरोंचाच्या घाटावर बसणारा तो म्हातारा सांगू शकेल. त्याला अजून कोणी विचारलेले नाही.