वारेतून येणारा निरोप



कॉम्प्युटरवालीने बाळंतपणावर बोलावं, याचं कारण आधी सांगते. सोळा वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला मी पोलादपूरला माहेरी आले होते. आठवा महिना. पाय सुजले होते. "पहिलटकरणीचे सुजतातच," असं सगळ्या म्हणाल्या, मीही मानलं. एका रात्री डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादाने तसंच महाडला नेलं. रक्तदाब १७०/११०, लघवीतून प्रथिनं जात होती. प्रीएक्लॅम्प्सिया. मुलगी पाच आठवडे आधीच जन्मली. आज ती दहावीत आहे.

तेव्हापासून यावर वाचते आहे. या आजाराचं मूळ बाळाला पोसणाऱ्या वारेत असतं. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. ते नीट झालं नाही, तर वारेला प्राणवायू कमी पडतो.

इथे मायक्रोआरएनए येतात. बाईंनी फळ्यावर काढलेली पेशी आठवा. जनुकाचा निरोप गेला की प्रथिन बनतं. जेमतेम बावीस अक्षरांचे हे तुकडे तो निरोप वाटेतच अडवतात. प्रोग्राम तोच, पण काही ओळी चालूच द्यायच्या नाहीत, तसं. १९९३ साली एका इवल्या कृमीत त्यांचा शोध लागला. अँब्रोस आणि रुवकुन यांना त्यासाठी २०२४चं नोबेल मिळालं.

त्यांतला मिर-२१० प्राणवायू कमी पडला की वाढतो, आणि तो वाढला की वारेच्या पेशींचं आत शिरणं आणखी मंदावतं. असे तुकडे वारेतून आईच्या रक्तातही उतरतात. म्हणून लक्षणांआधीच रक्तातून धोका ओळखता येईल, अशी आशा आहे. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष अजून जुळत नाहीत, त्यामुळे ही रोजच्या वापरातली तपासणी झालेली नाही. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतही या आजारावर काम चालू आहे.

तोवर आपल्या हातात काय? रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची तपासणी. वाडीवरच्या गरोदर बाईलाही ती दर खेपेला मिळायला हवी. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० झाला, तर "होतं असं" म्हणू नका. धोका जास्त असेल, तर डॉक्टर सोळाव्या आठवड्याआधी ॲस्पिरिनची छोटी मात्रा सुरू करतात.

आईला हा आजार झाला असेल, तर मुलीलाही धोका थोडा जास्त असतो. माझ्या लेकीला मी हे सांगून ठेवणार आहे. तुमच्याही मुली-सुना आता त्या वयाला येतील. त्यांना सांगा. सूज दिसली की आधी दाब मोजा.