मुक्त साधनें आणि अभ्यासकाचें ऋण

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. त्या नांवानें आज पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें उपलब्ध आहेत. आणि तींहि मूळचीं नसून १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या आवृत्तीचीं असावींत, असें कांहीं इतिहासकारांचें मत आहे.

असा वाद केवळ लेखानें मिटणें कठीण. वाचकास लेखकाच्या वर्णनावरच विसंबावें लागतें. तोच अभ्यास संगणकावर हलत्या चित्रांच्या व निवेदनाच्या रूपानें मांडला, तर एखादें दृश्य मध्येंच थांबवून त्याशेजारीं त्या काळचें छायाचित्र ठेवतां येतें, आणि पाहणारा स्वतःच्या डोळ्यांनीं निवाडा करूं शकतो.

अशा प्रबंधास फार द्रव्य लागतें असें नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें अमेरिकेंत मुक्त आज्ञावलींच्या कार्याची घोषणा केली. आज ध्वनिमुद्रणासाठीं ऑडॅसिटी, चित्रांसाठीं गिंप, दृश्यांच्या जुळणीसाठीं केडेनलाइव्ह हीं साधनें कोणासहि विनामूल्य मिळतात. मात्र 'मुक्त' म्हणजे नुसतें 'फुकट' नव्हे. साधन कसें चालतें तें पाहण्याची, सुधारण्याची व दुसऱ्यास देण्याची मोकळीक त्यांत अभिप्रेत आहे.

सामग्रीची गोष्ट अधिक नाजूक आहे. भारतीय कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो. म्हणून १९१३ व १९१७ या दोन्ही आवृत्त्या आज सर्वांच्या आहेत. परंतु त्यांना कोणीं अलीकडे संगीत जोडलें असेल, तर तें संगीत सर्वांचें होत नाहीं. मूर्ति जुनी असली, तरी तिच्या अंगावरील दागिना कालचा व दुसऱ्याच्या मालकीचा असूं शकतो. तो उतरवून ठेवावा, अथवा धन्याची परवानगी घ्यावी.

नव्या कृतींच्या कर्त्यांस अशी परवानगी आगाऊच देतां यावी, म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें डिसेंबर २००२ मध्यें आपले परवाने प्रसिद्ध केले. कोणी केवळ श्रेय मागतो. कोणी नवी कृतीहि त्याच अटींवर खुली करावी असें म्हणतो. कोणी व्यापार, तर कोणी फेरफार वर्ज्य ठरवितो. फेरफार वर्ज्य असलेलें चित्र कापून जुळणींत घालतां येत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत काम पुरें झाल्यावर येतें, आणि महिन्यांचे श्रम कपाटांत पडून राहतात.

यास्तव सामग्री हातीं येतांच कर्त्याचें नांव, ती मिळाल्याचें ठिकाण व परवाना वहींत टिपून ठेवावा, आणि प्रबंधाच्या अखेरीस तें सर्व दाखवावें. मग पुढील अभ्यासक तींच दृश्यें घेऊन मागच्याचें मत पडताळूं शकेल, प्रसंगीं खोडूंहि शकेल. विद्या वाढते ती अशीच.

दक्षिणेचें ऋण फेडण्यासाठीं हरिश्चंद्रानें स्वतःस विकलें. येथें अभ्यासकास एक नांव तेवढें नीट लिहावयाचें आहे.