शिबिराला धाडण्याआधी विचारून घ्या

आम्ही मुंबईतल्या शीव कोळीवाड्याच्या बचत गटातल्या बाया. आमचा कोळीवाडा शहराच्या मधोमध आहे. हार्बर लाइनचं गुरू तेग बहादूर नगर स्टेशन आमच्या जवळचं. जुनी माणसं अजून त्याला कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. आमच्यातल्या काही जणी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन म्हावरं आणतात आणि मग बाजारात पाटी लावून बसतात. काही जणी घरकामाला जातात, काही जणी मसाले करून विकतात. तुमच्यातल्या कुणी शेतावर जात असतील, कुणी रोजगार हमीवर. काम वेगळं असलं तरी मे महिन्यातली अडचण सगळ्यांची एकच. शाळा बंद, आपण कामावर, मग पोरं दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायची?

म्हणून शिबिराचं पत्रक हातात पडलं की आपल्याला हायसं वाटतं. आणि शिबिरं चांगलीही असतात. आमच्यापासून जवळ, दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. १९२५ सालची संस्था. मल्लखांबासाठी २०२४ साली पद्मश्री मिळालेले उदय देशपांडे तिथलेच. उन्हाळ्यात तिथे मुलांचं शिबिर भरतं. महापालिकेच्या तरण तलावांवर सुट्टीत पोहायला शिकवतात. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलं चार दिवस राहतात, झाडं बघतात, नाटक करतात. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं तर आपल्या आईवडिलांच्या लहानपणापासूनची. तुमच्याकडे गावोगाव वारकरी बालसंस्कार शिबिरं असतात, कुस्ती-कबड्डीची असतात. शिबिराला जाऊन आलेलं मूल स्वतःचं ताट स्वतः धुतं, चारचौघांत उभं राहून बोलतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा मुलांना जरूर पाठवा. फक्त पाठवण्याआधी काय विचारायचं आणि कसं विचारायचं, तेवढं आज बोलू.

विचारायला आपण बुजतो, ही पहिली अडचण. शिबिर फुकट असलं तर वाटतं, एवढं देतायत, वर आपण काय बोलायचं. पैसे भरून असलं तर वाटतं, एवढी शिकलेली माणसं, त्यांच्यापुढे आपण कोण. कीर्तनकार महाराजांचं असलं तर शंका काढणंच पाप वाटतं. आम्हालाही असंच वाटायचं. एका वर्षी आमच्या वस्तीत मुलींच्या निवासी शिबिराचं पत्रक आलं. पाच दिवस, जेवणखाण सगळं मोफत. बारा-तेरा मुलींची नावं लगेच दिली गेली. मग गटाच्या बैठकीत एका आजीने विचारलं, "रात्री पोरींजवळ कोण झोपणार?" कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही चौघी जणी चौकशीला गेलो. तिथले सर म्हणाले, "ताई, विश्वास नसेल तर पाठवू नका." आम्ही नावं काढून घेतली. मुली रडल्या, घरी दोन दिवस जेवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेकडे गेलो. तोच प्रश्न विचारला. त्या बाईंनी खुर्च्या दिल्या, रात्री थांबणाऱ्या दोन्ही शिक्षिकांना बोलावून आमची ओळख करून दिली, मुली झोपणार ती खोली दाखवली. मुली त्या शिबिराला गेल्या आणि मजेत परत आल्या.

पहिलं शिबिर वाईटच होतं, असं आम्ही म्हणत नाही. पण आईने विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे मूल ठेवायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम झाला. चांगलं शिबिर चालवणाऱ्याकडे उत्तरं तयार असतात, कारण त्याने ते प्रश्न आधी स्वतःलाच विचारलेले असतात.

आता प्रश्न सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न माणसांचा. किती मुलांमागे किती मोठी माणसं? ती कोण, कुठली, किती वर्षं हे काम करतात? मुलींसोबत बाई आहे का, आणि ती रात्रीही थांबणार का? मुलगे कुठे झोपणार, हेही तितकंच विचारा. मुलग्याला कोण काय करणार, असं समजू नका. मदतीला येणारे दादा, आचारी, गाडीचा ड्रायव्हर, यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी केली आहे का? एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत राहणार नाही, असा नियम त्यांनी ठेवला आहे का? संडास-बाथरूम किती लांब, दिवा आहे का, आतून कडी आहे का?

दुसरा प्रश्न पाण्याचा. आम्ही कोळ्यांच्या बाया, म्हणून हे जरा जास्त सांगतो. कोळ्याच्या पोराला पोहायला येतंच, असं लोक म्हणतात. तसं नसतं. शिकवल्याशिवाय कुणालाच येत नाही. आणि तलावात पोहता आलं म्हणजे समुद्रात पोहता आलं, असंही नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कसं ओढतं, ते समुद्राकाठच्या माणसालाच ठाऊक असतं. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. ती वाढत्या वयाची, धडधाकट मुलं होती. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत बसू शकतील त्याहून जास्त माणसं बसवली होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हतं. या दोन्ही सहली होत्या, पण शिबिरातही मुलांना पाण्यावर नेतात.

म्हणून विचारा, मुलांना नदीवर, धरणावर, समुद्रावर नेणार का? नेणार असाल तर जीवरक्षक कोण? बोटीत चढण्याआधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट बांधणार का? पाण्यात उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर मुलं मोजणार का? दोन-दोन मुलांची जोडी लावली तर फार बरं, एक दिसेनासा झाला की दुसरा लगेच सांगतो. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून हाका मारत नाही. ते गुपचूप खाली जातं. त्यामुळे काठावरच्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून फक्त पाण्याकडे बघायचं असतं.

तुमच्याकडे शिबिराची जागा शेतात असेल तर शेततळं किती लांब आहे ते बघून या. त्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की निसरडा होतो, काठ उतरता असतो. पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण हवं आणि काठाला पक्की बांधलेली दोरी पाण्यापर्यंत सोडलेली हवी. उघड्या विहिरीचंही तसंच.

तिसरा प्रश्न साहसी खेळांचा. दोरीवरून उतरणं, कडा चढणं, राफ्टिंग, रात्रीचा ट्रेक, असं पत्रकात लिहिलेलं असलं की मुलं हट्ट धरतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तेव्हा सरळ म्हणा, "तुमचं नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा." मुलांचा विमा काढलाय का, तेही विचारा. आम्हाला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून आम्ही गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सोबत नेतो.

चौथा प्रश्न तब्येतीचा. मे महिन्याचं ऊन आहे. दुपारी बारा ते चार मुलांना मैदानात ठेवणार नाही ना? पिण्याचं पाणी कुठलं? जवळचा सरकारी दवाखाना कुठला, आणि रात्री गाडी आहे का? १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण डोंगरात मोबाइलला रेंज मिळते का, हे आधी बघायला हवं. विंचू-साप निघणारी जागा असेल तर विचारा, चावल्यावर कुठे नेणार? उत्तर दवाखाना हेच हवं. मांत्रिक किंवा घरगुती औषध असं उत्तर आलं तर मूल पाठवू नका. आपल्या मुलाला दमा असेल, फिट येत असेल, एखादी गोष्ट खाऊन अंगावर पित्त उठत असेल, तर लपवू नका. कागदावर लिहून द्या, औषध आणि ते द्यायची वेळही लिहा. अंथरुणात शू होत असेल तर तेही बाईंच्या कानावर घाला. नाहीतर पोर रात्रभर लाजेने जागं राहतं.

पाचवा प्रश्न भेटण्याबोलण्याचा. रोज एकदा मुलाशी फोनवर बोलता येईल का? आम्ही मधेच येऊन बघितलं तर चालेल का? "मुलांची शिस्त बिघडते" असं सांगून पाचसहा दिवस आवाजच ऐकू देत नसतील, तर ते आम्हाला पटत नाही. घ्यायला कोण येणार, त्याचं नाव आधी लिहून द्या. दुसऱ्या कुणाच्या हाती मूल सोडायचं नाही, हे त्यांनाही सांगा.

एवढं विचारून झालं की घरी मुलाशी बोला. निघायच्या आदल्या रात्री घाईघाईत नको, आठ दिवस आधीपासून बोला. आपला पत्ता आणि दोन फोन नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या. चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, कुणी तिथे बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि दुसऱ्याच्या तशा जागेला हात लावायला कुणी सांगितलं तर पळून यायचं, हे साध्या शब्दांत सांगा. "आईला सांगू नको" असं जो म्हणेल, त्याची गोष्ट आईला सगळ्यात आधी सांगायची. तो गुरुजी असो, महाराज असो, नाहीतर आपला सख्खा नातेवाईक. आणि शेवटी हेही सांगा, की तू काही सांगितलंस तर मी तुला मारणार नाही. हे वाक्य दोनदा सांगा.

तरीही काही घडलंच तर? मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो. पोलिसांसाठी ११२. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीलाही तो लागू आहे आणि मुलालाही. अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर त्याला शिक्षा होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी येऊन घेता येतो, तो घेणारे पोलीस गणवेशात नसावेत आणि शक्यतो बाई असावी, असं कायदा सांगतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव छापता येत नाही. शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात झालं असलं तरी तक्रार आपल्या जवळच्या ठाण्यात देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. जाताना एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी सोबत घ्या. अब्रू जाईल म्हणून गप्प बसलो, तर पुढच्या वर्षी तोच माणूस दुसऱ्या गावात शिबिर भरवतो.

मूल परत आल्यावर पहिल्याच दिवशी "काय काय शिकलास, म्हणून दाखव" असं मागे लागू नका. जेवू द्या, झोपू द्या. मग विचारा, कुणाशी गट्टी झाली, कोण आवडलं, कुणाचा राग आला, रात्री झोप लागायची का. एरवी बडबड करणारं पोर गप्प झालं, एकटं झोपायला घाबरायला लागलं, कुणाचं नाव काढलं की आत निघून गेलं, तर रागवू नका. जवळ बसा आणि थांबा. ते आपल्या वेळेने बोलेल.

आमच्या गटात आता एक वही आहे. दर मार्चमध्ये कुठलं शिबिर कुठे, कोण चालवतं, आपली कुठली मुलं गेली, काय चांगलं होतं, काय खटकलं, हे त्यात लिहितो. ज्या चार जणींना वेळ असेल त्या जागा बघून येतात, गाडीभाडं गटातून देतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचं बोलून झालं की हाही विषय घ्या. या सुट्टीत तुमच्या गावातली कुठली मुलं कुठे जाणार आहेत, त्यांची नावं लिहा, आणि त्या जागा बघायला कोण दोघी जाणार ते त्याच बैठकीत ठरवा.