फोटोत चिकटलेले, आकाशात लांब : एनजीसी ७३३१ आणि तिचे शेजारी

कानात हेडफोन आहेत ना? मग आज जरा लांब जाऊया. चार कोटी प्रकाशवर्षं लांब.

आजचा विषय आहे एक सर्पिल दीर्घिका, म्हणजे स्पायरल गॅलेक्सी. नाव एकदम रुक्ष, एनजीसी ७३३१. विल्यम हर्शेलने ती १७८४ मध्ये शोधली. हौशी फोटोग्राफर मंडळींची ती लाडकी आहे, कारण एका फोटोत बरंच काही मिळतं. मधे तिरकी, लांबट, भुरकट पट्ट्यांची मोठी दीर्घिका आणि तिच्या बाजूला चार छोटे पुसट ठिपके. त्या ठिपक्यांना इंग्रजीत गमतीने 'फ्लीज' म्हणतात. म्हणजे पिसवा!

आता आधी कुठे शोधायची ते सांगतो. महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन माहितीये? आपल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांचे तारे मिळून तो होतो. त्याच्या वायव्येला इटा पेगासी नावाचा तारा आहे. तिथून उत्तरेकडे साधारण सव्वाचार अंश सरकलात की पोचलात. महाराष्ट्रातून दिवाळीच्या आसपास रात्री आठच्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर असते. पाऊस संपलेला असतो, लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. फक्त फटाक्यांचा धूर असतो, म्हणून शहर सोडायचं. मुंबईकर पूर्वीपासून वांगणीला जातात. विदर्भातल्यांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, ज्याला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला.

सामान काय लागतं? ८० मिलिमीटरची छोटी दुर्बीण, साधारण ४८० फोकल लेन्थ, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि आकाशाबरोबर फिरणारा ट्रॅकिंग माउंट. माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८-२० अंश वर. त्यामुळे उत्तरेला डोंगर किंवा बिल्डिंग नको.

मग तीन-तीन मिनिटांचे फोटो काढत राहायचे. ऐंशी फोटो म्हणजे चार तास. एकच चार तासांचा फोटो का नाही? कारण मधेच वारा येतो, विमान जातं, सॅटेलाइटची रेघ येते. छोटे फोटो असले की खराब तेवढे फेकता येतात. उरलेले स्टॅक करायचे, त्यासाठी सिरिलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. गणित सोपं आहे. फोटो चौपट केले की नॉइज निम्मा होतो. मग पिसवा हळूहळू नॉइजमधून वर येतात.

आता खरी गंमत. फोटो बघून कुणीही म्हणेल, की मोठी आई आणि चार पिल्लं. पण मोठी दीर्घिका चार कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आणि त्या पिसवा सुमारे तीस कोटी किंवा त्याहून लांब! एकमेकांशी काही संबंध नाही. आमच्या भाषेत सांगायचं, तर फोटो म्हणजे असा डेटा ज्यातून अंतराचा कॉलमच डिलीट झालाय.

हे जरा आपल्या मातीत आणून बघा. सह्याद्रीच्या ज्या काळ्या कातळावर तुम्ही ट्रायपॉड लावता, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मोठ्या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हा हा कातळ थंड होऊन बसलेला होता. पिसवांचा प्रकाश निघाला तेव्हा तो कातळच नव्हता, डायनासोरही नव्हते. आणि हे दोन्ही प्रकाश तुमच्या सेन्सरवर एकाच रात्री, शेजारशेजारच्या पिक्सेलवर पडतात.

मग खरा शेजारी कोण? फ्रेम थोडी सरकवा. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर पाच दीर्घिकांचा घोळका दिसेल, स्टीफन्स क्विंटेट. एदुआर स्टीफन यांनी तो १८७७ मध्ये मार्सेयहून शोधला. जेम्स वेबने जुलै २०२२ मध्ये जे पहिले फोटो दिले त्यातही तो होता. त्या पाचपैकी चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षं लांब आहेत. पण पाचवी, एनजीसी ७३२०, खूपच जवळ आहे, आपल्या ७३३१ च्या आसपास! म्हणजे जे चिकटलेले दिसतात ते परके आणि लांबच्या घोळक्यात उभी आहे ती आपली.

हे कळलं कसं? १९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी दाखवलं, की तिचा रेडशिफ्ट बाकी चौघींपेक्षा फारच कमी आहे. त्यावर मोठा वाद झाला. हॉल्टन आर्प म्हणत, की रेडशिफ्ट म्हणजे दरवेळी अंतर नसतं, या सगळ्या एकत्रच आहेत. असे प्रश्न गांभीर्याने घेणाऱ्यांत आपले जयंत नारळीकरही होते, आर्प यांच्याबरोबर त्यांनी शोधनिबंधही लिहिले. या घोळक्याचा निकाल मात्र चांगल्या फोटोंनी लावला. हबलला ७३२० मधले सुटे तारे दिसले, बाकीच्यांत तसे दिसले नाहीत. जवळच्या झाडाची पानं सुटी दिसतात आणि लांबचं झाड नुसतं हिरवं दिसतं, तसंच.

आणि म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो. आजकाल एका क्लिकवर 'डिटेल' वाढवणारी एआय टूल्स आहेत. नॉइज कमी करा, रंग नीट करा, काही हरकत नाही. पण टूलने स्वतःच्या मनाने पाचही दीर्घिकांवर सारखेच तारे आणि भुजा रंगवल्या, तर जवळची कुठली आणि लांबची कुठली हे सांगणारा पुरावाच पुसला जातो. फोटो जास्त लाइक्स मिळवेल, पण त्यातलं आकाश खोटं असेल. सोपा नियम ठेवा : जे मूळ स्टॅकमध्ये नाही, ते फायनलमध्ये नको. आणि काय काय वापरलं ते कॅप्शनमध्ये लिहा. एक्स्पोजर, फोटोंची संख्या, जागा, टूल्स, सगळं.

सामान नसेल तर? काहीच बिघडत नाही. फोनवर स्टेलॅरियम उघडा, एनजीसी ७३३१ टाइप करा, झूम करा आणि मग चंद्राच्या रुंदीएवढं सरकून तो पाचांचा घोळका गाठा. त्यातली जवळची कुठली, ते आता तुम्हाला माहितीये. मित्रालाही ओळखायला लावा.

चला, आज इथेच थांबतो. अंधार सांभाळा, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!